जुन्या जाकिटाचं तेलपाणी

1786च्या डिसेंबरात ‘मेटा कॅथरिना’ नावाचं जहाज सेंट पीटर्सबर्गहून इटलीतल्या जेनोव्हाला निघालं होतं. वाटेत वादळाने गाठलं, म्हणून ते इंग्लंडच्या प्लिमथ बंदराच्या आसऱ्याला आलं आणि तिथेच बुडालं. पोटात माल होता वाख आणि रेनडिअरची कमावलेली कातडी. 1973मध्ये पाणबुड्यांना तो सापडला. कातड्यांचे गठ्ठे काळ्या चिखलात रुतलेले होते. धुऊन, वाळवून, हळूहळू मऊ केल्यावर कारागिरांनी त्याच कातड्यांचे बूट, पाकिटं आणि बॅगा शिवल्या! जवळजवळ 187 वर्षं समुद्रतळाशी राहिलेलं चामडं पुन्हा माणसांच्या वापरात आलं. चिखलात प्राणवायू नव्हता, आणि रशियन कारागिरांनी झाडाच्या सालीत कमावून वर बर्चचं तेल मुरवलेलं होतं. दोन्ही गोष्टी कामी आल्या.

आता आपल्या कपाटाकडे वळू. मामाने बुलेटवर घातलेलं, बाबांनी कॉलेजात असताना मित्राकडून घेतलेलं किंवा परदेशातल्या जुन्या बाजारातून हौसेने आणलेलं एखादं काळं जाकीट मागच्या खुंटीला लटकलेलं असतं. अंग कडक झालंय, कॉलर पांढुरकी पडलीय, कुबट वास येतोय. ‘गेलं हे’ म्हणून भंगारात द्यायची घाई करू नका. खरं चामडं नुसत्या वयाने सहसा जात नाही. ते जातं कोरडेपणाने, ओलीने आणि माणसाने प्रेमापोटी थापलेल्या तेलाने.

साडेपाच डॉलरची तिरकी चेन

न्यूयॉर्कच्या आयर्विंग शॉट यांनी 1928मध्ये खास मोटारसायकलवाल्यांसाठी चामड्याचं जाकीट बेतलं आणि त्याला आपल्या आवडत्या सिगारचं नाव दिलं, ‘परफेक्टो’. लाँग आयलंडवरच्या हार्ले-डेव्हिडसनच्या विक्रेत्याकडे ते साडेपाच डॉलरला मिळायचं, असं कंपनी सांगते. आज बायकर जाकीट म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो हाच घाट.

त्याची चेन तिरकी का? पुढे वाकून हँडल धरलं की सरळ चेन पोटाशी दुमडते आणि टोचते. तिरकी चेन बाजूला सरकलेली असते. शिवाय एका पाख्यावर दुसरा पाखा रुंद चढतो, त्यामुळे छातीवर आदळणारा वारा चेनच्या दातांतून थेट आत शिरत नाही. कॉलरच्या टोकांची टिचबटणंही कामाचीच. ती नसती तर वेगात कॉलर फडफडून गालावर बसली असती. मनगटाची चेन बाहीत वारा शिरू देत नाही, कमरेचा पट्टा जाकीट वर सरकू देत नाही. म्हणून डागडुजी करताना ‘हे काय उगीच लोंबतंय’ म्हणून काही कापून टाकू नका. या जाकिटावर शोभेचं फारच थोडं आहे.

1953च्या ‘द वाइल्ड वन’ सिनेमात मार्लन ब्रँडोने असंच जाकीट घातलं आणि अमेरिकेतल्या कित्येक शाळांनी पोरांना ते घालायला बंदी केली. ब्रिटनच्या सेन्सॉरने तर तो सिनेमाच 1967पर्यंत अडवून ठेवला. 1974मध्ये ‘हॅपी डेज’ ही मालिका आली, तेव्हाही वाहिनीला चामड्याच्या जाकिटाची धास्ती होती. नायकाचा मित्र फाँझी मोटारसायकलजवळ असेल तरच ते घालेल, अशी अट पडली. मग काय, निर्मात्यांनी जमेल त्या दृश्यात मोटारसायकल आणून उभी केली! त्याच फाँझीचं जाकीट 1980मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने मानाने ठेवून घेतलं.

आधी ओळख पटवा

जाकिटाचे पातळ पोपडे निघत असतील, आणि पोपड्याखाली विणलेलं कापड दिसत असेल, तर ते चामडं नाही. ते पॉलियुरेथेनचा थर दिलेलं कृत्रिम कापड आहे, ज्याला आपण सरसकट रेक्झिन म्हणतो. हवेतला दमटपणाच तो थर हळूहळू तोडतो, त्यामुळे मुंबईत आणि कोकणात असं जाकीट न वापरताही सोलवटतं. त्यावर कुठलंही तेल, कुठलंही क्रीम चालत नाही. तिथे एक रुपयाही घालू नका.

खरं चामडं ओळखायचं तर खिशाच्या आतली किंवा अस्तराखालची कड उलटून पाहा. उलट्या बाजूला बारीक, मऊ तंतू दिसतात.

ओळख पटली की पाण्याचा एक थेंब काखेत किंवा आतल्या पट्टीवर टाकायचा. थेंब गडद डाग करून मुरला, तर चामड्यावर रंगाचा जाड थर नाही. ते तेलही पटकन पिईल, म्हणून हात राखून. थेंब जसाच्या तसा उभा राहिला, तर वर रंगाचं कवच आहे. त्यावर वाटीभर तेल ओतलं तरी बहुतेक सगळं वरच राहणार. एवढीशी परीक्षा, पण पुढचं सगळं काम त्यावर ठरतं.

चामड्यातलं मोहन

कातड्याचा मुख्य घटक म्हणजे कोलॅजन, एकमेकांत पिळलेल्या तीन पदरांचं प्रथिन. कच्चं ओलं कातडं 60 ते 65 अंश सेल्सिअसला आक्रसतं. झाडपाल्याच्या रसात कमावलं की हा आकडा 75 ते 85च्या घरात जातो, आणि क्रोमियमच्या क्षारात कमावलं तर उकळत्या पाण्यातही कातडं तग धरतं. टॅनरीत माल नीट कमावला गेला की नाही हे पाहायला तुकडा खरोखरच उकळत्या पाण्यात टाकतात! क्रोमची ही रीत जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिख क्नाप यांनी 1858मध्ये मांडली आणि अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी 1884मध्ये धंद्याला परवडणारं पेटंट घेतलं. आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमचंच असतं.

पण कमावलेलं कातडं वाळलं की फळीइतकं कडक होतं. म्हणून वाळवण्याआधी त्यात तेल मुरवतात. शंकरपाळ्याच्या पिठात मोहन घातलं की कण एकमेकांना घट्ट चिकटत नाहीत, तसंच हे तेल तंतूंच्या मध्ये बसतं आणि त्यांना एकमेकांवरून घसरू देतं. जाकिटाचा मऊपणा म्हणजे हे तेल, आणि त्याच्या जोडीला साधारण 12 ते 18 टक्के पाणी.

वर्षानुवर्षं ऊन, उष्णता आणि हवा लागून हे तेल उडतं, बिघडतं. तंतू एकमेकांना चिकटतात. मग कोपर वाकवलं की ते घसरत नाहीत, तुटतात. आपण ज्याला भेग म्हणतो ती हीच. तेव्हा एक गोष्ट स्पष्ट सांगतो: कडकपणा तेलाने जातो, भेग तेलाने बुजत नाही. डबीवर काहीही लिहिलेलं असो, तुटलेला तंतू कुठलंच क्रीम जोडत नाही. भेगेत लवचीक फिलर भरून वरून रंग देता येतो, पण ती फक्त डागडुजी झाली. म्हणून भेग पडायच्या आत हालचाल करण्याला एवढं महत्त्व.

कॉलरपासून सुरुवात

तेलाआधी सफाई, नाहीतर तेलासोबत धूळही आत जाते. खिसे उलटे करा, शिवणीतली माती मऊ ब्रशने काढा, मग सुती पंचा ओला करून घट्ट पिळून सगळ्या अंगावरून फिरवा.

खरी परीक्षा कॉलरच्या घडीची. मानेचा घाम, केसांचं तेल आणि रस्त्याची धूळ यांचा तिथे काळा, चकचकीत, चिकट थर बसलेला असतो. फडक्याचा कोपरा बोटाला गुंडाळायचा, चामड्यासाठी मिळणारा सौम्य क्लीनर थेंबभर घ्यायचा आणि एका वेळी रुपयाएवढ्या जागेवर हलक्या हाताने गोल फिरवायचं. कोपरा काळा झाला की दुसरा. थोड्या वेळाने थराखालून चामड्याची रंध्रं दिसायला लागतात. तो क्षण फार समाधानाचा असतो. फडकं मात्र थांबायचं नाव न घेता सारखं काळंच होत राहिलं, तर हात आवरा. आता घाण संपून रंग निघायला लागला आहे.

घोड्याच्या खोगिरासाठीचा सॅडल सोप अनेकजण बिनधास्त वापरतात. तो अल्कधर्मी, तर चामडं आम्लधर्मी. अधूनमधून एखादेवेळी ठीक, पण दर महिन्याला फेस काढणं चामड्याच्या मुळावर येतं. साध्या ड्रायक्लीनिंगला तर देऊच नका. तिथलं द्रावक मळाबरोबर आतलं तेलही काढून नेतं.

ओलं झालेलं जाकीट रुंद खांद्याच्या हँगरवर, पंख्याखाली, सावलीत वाळवायचं. ऊन नको, हीटर नको, इस्त्री तर मुळीच नको. कोरडं चामडं बरीच उष्णता सोसतं. ओलं असताना तीच उष्णता त्याला आक्रसवते.

तेल कोणतं, किती

मोटारसायकलवाल्यांच्या जगात तीन-चार नावं सतत कानावर पडतात. नीट्सफूट तेल गुरांच्या नळ्या आणि खुरांच्या वरचा भाग उकळून काढतात. जनावराच्या पायाकडची चरबी थंडीतही पातळ राहते, म्हणून ते खोलीच्या तापमानाला गोठत नाही. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून येतं. शास्त्राच्या भाषेत ती चरबी नसून मेण आहे, आणि मेंढीला पावसापासून वाचवण्याचं काम तेच करतं. मधमाश्यांचं मेण पाणी अडवतं. चांगल्या कंडिशनरच्या डबीत बहुधा यांचंच कमीजास्त मिश्रण असतं.

आणि घरातलं खोबरेल? मोह होतो, पण टाळा. खोबरेल 24 अंशांच्या खाली गोठतं. पुण्याच्या थंडीत बाटलीत जे होतं तेच चामड्यात होतं आणि वर पांढरट तवंग येऊ शकतो. जवसाचं तेल तर हवेत सुकून कडक पापुद्रा धरतं. चित्रकार तैलरंगात ते याच गुणासाठी वापरतात, पण वाकणाऱ्या बाहीला तो गुण घातक. स्वयंपाकघरातली बाकीची तेलं कालांतराने खवट होतात.

प्रमाणाबद्दल संग्रहालयांचा अनुभव ऐकण्यासारखा आहे. लॅनोलिन, देवदार जातीच्या लाकडाचं तेल, मधमाश्यांचं मेण आणि हेक्झेन यांचं ‘ब्रिटिश म्युझियम लेदर ड्रेसिंग’ एकेकाळी जगभर नावाजलेलं होतं. ग्रंथालयांनी जुन्या बांधण्यांवर ते पिढ्यान्‌पिढ्या चोळलं. नंतर लक्षात आलं की जादा तेलाने चामडं चिकट होतं, काळवंडतं, धूळ धरतं. आज जाणते संवर्धक नित्यनेमाने तेल लावणं टाळतात. आपलं जाकीट काचेच्या पेटीत ठेवायचं नाही, ते वाकणार, ताणलं जाणार, म्हणून त्याला तेल हवंच. पण बेताने. सगळ्या जाकिटाला मिळून एक-दोन चमचे पुरे. हाताच्या तळव्यावर घेऊन चोळा, तळव्याच्या उबेने ते सहज पसरतं. रात्रभर ठेवा, सकाळी जादाचं पुसून काढा. अजून कडक वाटलं तर चार-पाच दिवसांनी पुन्हा. जादा तेलाने चामडं ढिलं पडतं, बुरशीला खाद्य मिळतं आणि अस्तरावर डाग पडतात.

बुरशी की आतली चरबी?

जुलैत कपाट उघडलं आणि जाकिटावर पांढरं दिसलं की घरात एकच ओरड होते, ‘बुरशी आली!’ प्रत्येक वेळी ती बुरशीच असते असं नाही. चामड्यातली घट्ट चरबी वर येऊनही असाच पांढरा थर धरते. ओळखायची युक्ती फार सोपी आहे. हेअर ड्रायर लांबून, मंद उष्णतेवर फिरवा. पांढरं वितळून नाहीसं झालं तर चरबी. मऊ फडक्याने पुसलं की काम झालं. जसंच्या तसं राहिलं, केसाळ दिसलं आणि कुबट वास आला तर बुरशी.

बुरशी असेल तर तोंडाला मास्क लावून, जाकीट गॅलरीत किंवा अंगणात नेऊनच ब्रश फिरवा, नाहीतर तिचे कण सगळ्या कपाटात पसरतील. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेलं फडकं फिरवा. त्याने रंग जाऊ शकतो, म्हणून आधी लपलेल्या जागी पाहून घ्या. हवेतली सापेक्ष आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांच्या वर गेली की बुरशीला मोकळं रान मिळतं, आणि किनारपट्टीच्या पावसाळ्यात ती याहून कितीतरी वर असते. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर ओल आतच कोंडते. सुती खोळ घाला, कपाटाला हवा द्या आणि सिलिका जेल ठेवा. ते स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी ओल शोषतं.

वेंगुर्ल्याचा हिरडा विलायतेत

क्रोम येण्याआधी आणि नंतरही कित्येक वर्षं, ब्रिटनमधल्या टॅनऱ्यांमध्ये हिंदुस्थानातला हिरडा जात असे. हिरड्यात टॅनिन भरपूर असतं. व्यापाऱ्यांच्या यादीत त्याच्या प्रती गावांच्या नावाने ओळखल्या जायच्या: जबलपूर, भिमली आणि चक्क आपलं वेंगुर्ला! सह्याद्रीत गोळा झालेलं फळ बोटीने जाऊन विलायती चामडं कमावत होतं, हे वाचून मला फार आनंद झाला. 2019मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पलही बाभळीच्या सालीत आणि हिरड्यातच कमावलेल्या कातड्याची.

झाडपाल्याच्या चामड्याचा एक शत्रू मात्र ठाऊक हवा. 1840च्या दशकात मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या अथीनियम क्लबच्या ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या बांधण्या कुजताना पाहिल्या आणि बोट ठेवलं गॅसबत्तीच्या धुरातल्या गंधकावर. गंधकाने असं चामडं तांबूस भुकटी होऊन झडतं. जुनी बॅग किंवा पट्टा हाताळल्यावर बोटाला तांबडी पूड लागली, तर हाच रोग. त्याने झालेलं नुकसान भरून येत नाही.

चेन, वास, रंग

चेन अडकत असेल तर पेन्सिलीचं शिसं किंवा मेणबत्ती दातांवर घासा. दात मिटत नसतील तर बहुधा दोष दातांचा नसतो, रनर ढिला झालेला असतो. पक्कडीने दोन्ही बाजूंनी अगदी हलकेच दाबा. मूळ पितळी चेन शाबूत असेल तर ती बदलू नका. शौकीन लोक जाकिटाचं वय चेनच्या बनावटीवरूनच काढतात. पितळी बटणाभोवती हिरवं मेणासारखं काही साचलं असेल, तर चामड्यातल्या चरबीची तांब्याशी क्रिया झाली आहे. टूथपिकने खरवडून कोरड्या फडक्याने पुसा.

वासाचं सांगायचं तर आइन्स्टाइन यांचं 1930च्या दशकातलं चामड्याचं जाकीट 2016मध्ये लंडनच्या लिलावात लिव्हाइस कंपनीने 1 लाख 10 हजारांहून जास्त पौंडांना घेतलं. त्याला तेव्हाही पाइपच्या तंबाखूचा वास येत होता! चामडं वास किती धरून ठेवतं ते यावरून कळावं. कुबट वास बहुतेक वेळा अस्तरात असतो. अस्तर बदललं की निम्मं काम होतं.

आणि रंग. जुन्या काळी घोड्याच्या कातड्याची पुष्कळ जाकिटं वरून काळी आणि गाभ्यात तपकिरी असत. कोपरावर, खिशाच्या कडेवर, चेनच्या पट्टीवर काळा झिजून आतला चहाच्या रंगाचा तपकिरी डोकावतो. जपानी शौकीन या झिजेवर जीव टाकतात, आणि तिथले कारखाने मुद्दाम तशी नवी जाकिटं बनवतात. तुमच्याकडे असं जाकीट असेल तर त्यावर काळा रंग फासू नका, आणि बुटाचं पॉलिश तर नकोच. ते पुढे बसणाऱ्याच्या शर्टाला लागतं.

शेवटी शिवण

जाकीट नुसतं मिरवायला हवं असेल तर इथवर पुरे. गाडीवर घालायचं असेल तर मात्र कारागिराकडे जावं लागेल. चामडं कापडासारखं भोक भरून काढत नाही, सुईचं प्रत्येक भोक कायमचं असतं. चांगला कारागीर आधी अस्तर खालच्या कडेने उसवतो, फाटलेल्या जागी आतून पातळ चामड्याचा तुकडा चिकटवतो आणि आरी जुन्याच भोकांतून काढत नवा दोरा ओवतो. जुना सुती दोरा घाम आणि ओलीने कुजलेला असतो. त्याजागी नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा मजबूत दोरा मागा. मशीन मारून शेजारी भोकांची नवी ओळ पाडली, तर तिथून चामडं फाटायची भीती असते.

जाडीही पाहा. रस्त्यावर घसरताना साधारण 1.2 ते 1.4 मिलिमीटरचं चामडं तगतं. फॅशनची जाकिटं पुष्कळदा 1 मिलिमीटरहून पातळ असतात. युरोपातल्या ईएन 17092 या मानकात घर्षणाइतकीच शिवणीची ताकदही तपासतात, कारण पडताना चामडं टिकलं आणि शिवण उसवली तर उपयोग काय? जुन्या जाकिटातला खांद्या-कोपराचा फोम आता हातात चुरा होत असेल. तो काढून आत नवे संरक्षक पॅड घाला.

तेव्हा लडाखला निघा नाहीतर लोणावळ्याला, निघण्याच्या आदल्या दिवशी एवढं करा. खांदा आणि कोपराची शिवण दोन्ही हातांत धरून जोरात ताणून पाहा. एकजरी टाका तुटला, तर कंडिशनरची डबी बाजूला ठेवा आणि आधी जाकीट शिवून घ्या.